"दिसतं, पण सापडत नाही": सोलापुरातील एका शिक्षिकेच्या आजाराचे निदान

जून 2022 मध्ये माझ्या सोलापुरातील नेत्रचिकित्सालयात 56 वर्षांच्या एक प्राथमिक शिक्षिका तपासणीसाठी आल्या. केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात मी त्या दिवशी लिहिले, "दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसते, आठ महिने." हे वाक्य त्यांचे नव्हते. ते सोबत आलेल्या त्यांच्या यजमानांचे होते, आणि रकान्यात नीट बसणारे असल्यामुळे मी ते तसेच उतरवून घेतले. बाई स्वतः जे बोलल्या ते वेगळे होते. "मॅडम, दिसतं हो मला. पण सापडत नाही," असे त्या दोनदा म्हणाल्या. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की निदानाची दिशा त्या वाक्यात पहिल्याच दिवशी होती, आणि निदानापर्यंत पोहोचायला आम्हाला त्यानंतर पूर्ण एक वर्ष लागले. हे लेखन बाईंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने केले असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पहिल्या भेटीतील तपासणीत काळजी करावी असे काहीच आढळले नाही. चष्म्यासह दोन्ही डोळ्यांची दृष्टी 6/9, म्हणजे पूर्ण 6/6 हून थोडीच कमी होती, जवळचे बारीक अक्षर वाचता येत होते, डोळ्यांचा दाब उजवीकडे 16 आणि डावीकडे 14 होता, बाहुल्या प्रकाशाला व्यवस्थित प्रतिसाद देत होत्या, पडदा आणि नस निरोगी दिसत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची अगदी प्राथमिक सुरुवात होती, जी त्या वयात असंख्य लोकांत सापडते आणि जिचा सहसा त्रास होत नाही. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी सहा महिन्यांत दोन चष्मे बदलले होते. मी तिसरा लिहून दिला, कोरडेपणासाठी थेंब दिले आणि चार महिन्यांनी यायला सांगितले.

ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा आल्या तेव्हा तक्रारी वाढल्या होत्या. हजेरीपटावर एका मुलाची खूण दुसऱ्याच्या ओळीत पडत होती, फळ्यावरची ओळ उतरत उतरत कोपऱ्यात जात होती, आणि स्कूटर डाव्या बाजूने एका उभ्या रिक्षाला घासल्यापासून त्यांनी ती चालवणे सोडून दिले होते. मी दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचे किती दिसते याची, यंत्रतपासणी केली. समोरच्या बिंदूवर नजर टिकत नाही, उत्तरे सुसंगत नाहीत, म्हणून यंत्राने तो अहवाल अविश्वसनीय ठरवला आणि मीही तो तसाच फाइलला लावला. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू थोडा वाढलेला वाटत होता, बाईंची अडचण खरी होती, आणि माझ्या हातात उपाय एकच होता. नोव्हेंबरमध्ये मी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. ती उत्तम झाली आणि आठवड्याने त्या डोळ्याने तक्त्याची शेवटची ओळ, म्हणजे 6/6, वाचली गेली. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान नव्हते. तक्ता वाचून झाल्यावर त्या खुर्चीतून उठल्या आणि दोन हात अंतरावरची पर्स शोधत टेबलावर हात फिरवत राहिल्या. पर्स गडद लाल होती, टेबल पांढरे होते. ते दृश्य मी पाहिले आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गोंधळात त्याची गणना केली.

ती शस्त्रक्रिया त्या वेळी करायला नको होती, असे मला आज वाटते. त्यामुळे बाईंचे नुकसान झाले नाही, परंतु तीन महिने गेले आणि घरच्यांची समजूत अशी झाली की डोळा तर दुरुस्त झाला, म्हणजे आता जे काही आहे ते मनाचे असणार. शाळेतही कुजबुज सुरू झाली होती की निवृत्तीला दोन वर्षे राहिली म्हणून बाई काम टाळत आहेत. ज्या स्त्रीने तीस वर्षे पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवले, तिच्याबद्दल हे बोलले जात होते आणि ते तिच्या कानावर जात होते.

खरा धागा सापडला तो त्यांच्या सूनबाईंमुळे. फेब्रुवारी 2023 मध्ये त्या सासूबाईंना घेऊन आल्या, आणि येताना वहीच्या पानावर नोंदी लिहून घेऊन आल्या. निदानाच्या दृष्टीने माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा ते पान अधिक मोलाचे ठरले. संक्रांतीच्या सुमारास, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत, बाई दरवर्षी दारात ठिपक्यांची मोठी रांगोळी काढत. या वर्षी त्यांनी ठिपके घातले, तेही वेडेवाकडे, आणि नंतर कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा हे न कळून त्या बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या आणि शेवटी हाताने सगळे पुसून आत आल्या. साडीच्या निऱ्या घालताना पदराचे टोक कोणते आणि आतले कोणते याचा गोंधळ होत होता. ज्वारीची भाकरी थापता येत होती, कारण ते हातांना पाठ होते, पण थापलेली भाकरी तव्याच्या कडेवर किंवा तव्याबाहेर पडत होती. जिना चढताना त्रास नव्हता; उतरताना शेवटची पायरी संपली आहे हे पायाला समजत नव्हते. खाटेवर नक्षीच्या सोलापुरी चादरीवर ठेवलेला मोबाइल त्यांना दिसत नव्हता, वाजला की मात्र लगेच हात तिकडे जाई. पानाच्या तळाशी सूनबाईंनी अधोरेखित करून लिहिले होते, "विसरत काहीच नाहीत. नातवंडांचे वाढदिवस, दुधाचा हिशेब, सगळे तोंडपाठ."

त्या दिवशी बाहेरचे रुग्ण थांबवून मी जवळजवळ दीड तास बाईंसोबत बसले. प्रथम रंगांधळेपणा तपासण्याचे ठिपक्यांचे पुस्तक उघडले. त्यात रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत एक अंक लपलेला असतो. बाईंना एकही अंक ओळखता आला नाही. वेगवेगळ्या रंगांचे लोकरीचे तुकडे समोर ठेवले तर प्रत्येक रंगाचे नाव त्यांनी अचूक सांगितले, म्हणजे रंग दिसत होते. सुटे ठिपके एकत्र येऊन आकृती होत नव्हती. मग मी कागदावर बारीक 'म' लिहून त्यांच्या रांगांतून एक मोठा 'ट' तयार केला. काय दिसते असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "म. म. अजून एक म." मोठा 'ट' मी बोटाने गिरवून दाखवला तरी तो त्यांना उमगला नाही. स्वयंपाकघराचे एक चित्र दाखवले तेव्हा त्यांनी नळ सांगितला, नंतर बऱ्याच वेळाने एका बाईचा हात सांगितला, पण ते स्वयंपाकघर आहे आणि तिथे पाणी सांडते आहे, हे त्यांना जुळवता आले नाही.

वाचनाची तपासणी करताना जे दिसले ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. वर्तमानपत्राचा मोठा मथळा त्यांना वाचता येत नव्हता आणि त्याखालच्या बारीक मजकुरातला एखादा शब्द त्या सहज उचलत होत्या. कारण समजून घेतले की ही गोष्ट विलक्षण राहत नाही. त्यांच्या लक्षाची खिडकी इतकी लहान झाली होती की बारीक शब्द तिच्यात पूर्ण मावत असे, मोठ्या शब्दाचे मात्र एखादे अक्षर किंवा नुसती वेलांटी आत येई आणि बाकीचा शब्द बाहेर राही. दृष्टी तपासण्याचा तक्ता येथेच फसवतो. आपण एकेका सुट्या अक्षराकडे बोट करतो, रुग्ण ते ओळखतो, आणि आपण 6/6 लिहितो. सुटे अक्षर ओळखणे ही बाईंची अडचण नव्हतीच, त्यामुळे तो तक्ता कितीही वेळा वाचून घेतला असता तरी त्यातून हा आजार उघड झाला नसता.

लिहिताना अक्षरांची शिरोरेखा अक्षरांच्या डोक्यावर न पडता बाजूला तरंगत होती, मात्रा शेजारच्या अक्षरावर जात होती. एकोणतीसचा पाढा त्यांनी न अडखळता म्हटला, परंतु कागदावरची हातच्याची वजाबाकी जमली नाही, कारण एकंच्या घरातला अंक दशकाच्या घरात सरकत होता. पाढा कानाने आणि जिभेने पाठ केलेला असतो, मांडणीला मात्र जागेचे भान लागते. मी हवेत पेन धरून त्याचे टोक पकडायला सांगितले तेव्हा हात दोन इंच डावीकडून निघून गेला. स्वतःच्या नाकाला त्याच बोटाने त्यांनी बिनचूक स्पर्श केला. घड्याळ काढायला सांगितल्यावर बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागात गोळा झाले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते त्यांनी वीस मिनिटांनी तीनही सांगितले, आणि वर मला विचारले, "मॅडम, मी वेडी होत नाही ना?"

फाइलमधला तो अविश्वसनीय ठरवलेला दृष्टिक्षेत्राचा अहवाल मी पुन्हा काढला. दोन्ही डोळ्यांच्या आलेखांत डावीकडचा खालचा कोपरा काळवंडलेला होता. बिघाड डोळ्यात असेल तर दोन्ही डोळ्यांत एकच कोपरा जाण्याचे कारण नाही. दोन्हींत तोच भाग गेला तर दोष पुढे, दोन्ही डोळ्यांचे मार्ग एकत्र झाल्यानंतर, म्हणजे मेंदूत असतो. हे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाचे ज्ञान आहे. यंत्राने अविश्वसनीय म्हटले आणि मी पाहिले नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांना दिलेल्या पत्रात मी लिहिलेला संभाव्य आजार म्हणजे पोस्टेरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी, संक्षेपाने पीसीए: मेंदूच्या मागच्या भागातील बाह्य थराची हळूहळू होणारी झीज. अमेरिकेतील मेंदूविज्ञ फ्रँक बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये हे नाव दिले, म्हणून त्याला बेन्सनचा आजार असेही म्हणतात. डोळ्यांकडून आलेले संकेत ऑक्सिपिटल खंडात पोहोचतात, आणि ते कुठे आहे, कशाच्या शेजारी आहे, हात किती पुढे न्यायचा याचा हिशेब त्याच्या वरच्या पराएटल खंडात होतो. पीसीएमध्ये झीज याच प्रदेशांपासून सुरू होते. एका वेळी एकच वस्तू दिसणे, दिसलेल्या वस्तूकडे हात नीट न पोहोचणे आणि इच्छेप्रमाणे नजर हलवता न येणे हे त्रिकूट हंगेरीचे डॉक्टर रेझो बालिंट यांनी 1909 मध्येच वर्णिले होते. बाईंमध्ये त्यातली पहिली दोन लक्षणे स्पष्ट होती.

सोलापुरातील ज्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी त्यांना पाठवले, त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी केल्या. बाईंना त्यांनी सांगितले की हे मनाचे खेळ नाहीत, आणि हे वाक्य यजमानांच्या समोर मुद्दाम सांगितले. नंतर त्यांनी बी-12, थायरॉइड, साखर, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, गुप्तरोग व एचआयव्हीच्या चाचण्या करून घेतल्या, कारण ज्यांवर उपचार आहेत अशी कारणे आधी बाजूला काढावी लागतात. बी-12 थोडे कमी होते. ते भरून काढले, लक्षणांत फरक पडला नाही. एमआरआयचा पहिला अहवाल "वयानुरूप बदल" असा आला. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते "दृष्टीची तक्रार" असे लिहिले असेल तर मागच्या भागातील झीज नजरेतून सुटू शकते. मेंदूविकारतज्ज्ञांनी क्ष-किरणतज्ज्ञांसोबत बसून बाजूने घेतलेल्या प्रतिमा पुन्हा पाहिल्या, तेव्हा पराएटल आणि ऑक्सिपिटल भागातील खाचा रुंदावलेल्या, आणि उजवीकडे अधिक रुंदावलेल्या, स्पष्ट दिसल्या. डावीकडचे दृश्य मेंदूच्या उजव्या बाजूला पोहोचते, म्हणून डावा खालचा कोपरा जाण्याशी ते तंतोतंत जुळत होते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस तुलनेने चांगला होता.

पीसीए हे लक्षणसमूहाचे नाव आहे. त्याच्या मुळाशी कोणता आजार आहे हा पुढचा प्रश्न असतो, आणि 2017 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मान्य केलेल्या वर्गीकरणातही या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. लेवी बॉडी आजारात भास होतात, झोपेत हातपाय झाडले जातात, हालचाली मंदावतात. त्यातले काही नव्हते. कॉर्टिकोबेसल झीजेत एका बाजूचा हात ताठर आणि परका वाटू लागतो, तसे नव्हते. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या क्रॉयत्झफेल्ट-याकोब आजाराचा एक प्रकारही दृष्टीपासून सुरू होतो, पण तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत माणसाला अंथरुणाला खिळवतो, आणि बाईंची तक्रार दीड वर्षाची होती. राहिला अल्झायमर, जो पीसीएच्या बहुसंख्य रुग्णांत आढळतो. पुण्यात केलेल्या पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागात ग्लुकोजचा वापर दोन्हीकडे, उजवीकडे जास्त, घटलेला दिसला. कमरेतून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्याच्या तपासणीला यजमान आधी तयार नव्हते. "पाठीत सुई टोचली की माणूस लंगडा होतो" ही भीती आपल्याकडे खोल आहे, आणि ती घालवायला दोन भेटी लागल्या. त्या पाण्यात अमायलॉइड-बीटा 42 हे प्रथिन कमी आणि फॉस्फोरिलेटेड टाऊ हे प्रथिन वाढलेले आले, आणि हीच अल्झायमरची खूण असते. जून 2023 मध्ये निदान लिहिले गेले: अल्झायमर आजारामुळे झालेली पोस्टेरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी.

जानेवारी 2024 मध्ये 16 देशांतील 1,092 पीसीए रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय 59 होते, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी जवळजवळ चार वर्षे गेली होती. त्या हिशेबाने बाईंचे निदान लवकर झाले असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही.

निदान सांगण्याच्या बैठकीला मीही गेले होते. "स्मृतिभ्रंश" हा शब्द उच्चारताच मोठा मुलगा म्हणाला, "पण आईला तर सगळं आठवतं." तो चुकीचे बोलत नव्हता. डिमेन्शियासाठी आपण मराठीत रूढ केलेल्या शब्दातच स्मृती आहे, त्यामुळे जिथे स्मृती शाबूत आहे आणि दृष्टीचे भान चालले आहे, तिथे घरच्यांना आणि कित्येकदा डॉक्टरांनाही तो शब्द सुचत नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी शब्द बाजूला ठेवून समजावले: डोळे म्हणजे कॅमेरा, तो चांगला आहे, आलेले चित्र जुळवणारा मेंदूतला कारागीर थकत चालला आहे, हा आजार पुढे स्मृतीकडे आणि बोलण्याकडेही सरकेल, पण कधी ते आज सांगता येणार नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते." त्यानंतर त्या रडल्या. अनेक महिन्यांचा संशय त्यांच्या अंगावरून उतरताना आम्ही सगळ्यांनी पाहिला.

ईसीजी पाहून, नाडी मंद नाही याची खात्री करून, अल्झायमरमध्ये दिले जाणारे डोनेपेझिल हे औषध रोज 5 मिलिग्रॅम सुरू केले आणि पुढे 10 केले. त्याने आजार थांबत नाही, हे आधीच सांगितले होते. खरा फरक घरातील बदलांनी पडला, आणि ते बहुतेक सूनबाईंनी शोधले. नक्षीच्या चादरी कपाटात गेल्या आणि खाटेवर एकरंगी फिकट चादर आली, कारण नक्षीत वस्तू हरवतात. स्टीलच्या ओट्यावर स्टीलचे ताट दिसत नाही म्हणून निळे ताट आणले. त्यात भात दिसतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावली. टेबलावर एका वेळी एकच वस्तू ठेवायची आणि ठेवताना "पाणी उजव्या हाताशी ठेवलंय" असे तोंडाने सांगायचे, हा घरातल्या सगळ्यांचा नियम झाला. शिवून घेतलेल्या निऱ्यांच्या साड्या आल्या. वाचनासाठी मी काळ्या जाड कागदाला एका शब्दाएवढी फट कापून दिली. ती काही महिने उपयोगी पडली, नंतर त्यांनी मोबाइलवर पुस्तके ऐकायला सुरुवात केली. गॅस मात्र बंद करावा लागला, आणि ते त्यांना निदानापेक्षाही जास्त लागले.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट कठीण निघाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पेक्षा कमी असणे किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून अरुंद असणे अशी आहे. समोरची खुर्ची शोधू न शकणाऱ्या या बाईंची दृष्टी कागदावर 6/6 आहे आणि क्षेत्राचा एक कोपराच गेला आहे, म्हणून त्या या व्याख्येत बसत नाहीत. डोळ्यांच्या नव्हे तर मेंदूच्या आजाराच्या आधारे त्यांच्या रजेची कागदपत्रे तयार केली आणि निवृत्तीपर्यंतचा काळ त्यांनी वैद्यकीय रजेवर काढला. शाळेच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी आजाराचे नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगितले की बाईंनी काम टाळले नव्हते.

गेल्या भेटीत बाईंचे बोलणे थोडे संथ झालेले जाणवले. वीस मिनिटांनी विचारलेल्या तीन शब्दांपैकी दोनच आले. मी आता त्यांना तक्ता वाचायला सांगत नाही. खोलीत आल्यावर खुर्ची कशी शोधतात ते पाहते आणि तेच लिहून ठेवते. डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू दरम्यान वाढला आहे, आणि यजमानांनी विचारले की तोही काढून टाकायचा का. पूर्वीची घाई आठवून मी उत्तर द्यायला वेळ घेतला. जुळवणारा मेंदू दुबळा असताना त्याला मिळणारे चित्र शक्य तितके स्वच्छ असावे, हेही खरे आहे. भूल, नवी जागा आणि डोळ्यावरची पट्टी यांनी त्यांचा गोंधळ वाढेल, हेही खरे आहे. मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून आम्ही तीन महिने थांबायचे ठरवले. केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात या वेळी मी बाईंचेच शब्द लिहिले आहेत: "डावीकडचं ताटातलं राहून जातं. वास येतो, पण सापडत नाही."